सूपभर मिरच्या

मी स्वभावाने खुनशी आहे, हे आधीच सांगून टाकते. आईने ते मला लहानपणीच सांगितलं होतं, पुढे सासूनेही सांगितलं, आणि दोघींचं खरं होतं. कोणी माझं वाईट केलं की ते मी लोणच्यासारखं मुरत ठेवते.

माझे यजमान जंगलखात्यात नाकेदार होते, म्हणजे जंगल राखणारे शिपाई. तेव्हा इंग्रजांचा अंमल होता. मी कोरीटची, कापसाच्या सपाट रानात वाढलेली, आणि लग्न होऊन आले ती थेट सातपुड्याच्या पायथ्याच्या चौकीवर. एक खोली, पुढे ओसरी, समोर उन्हाळ्यात कोरडी पडणारी नदी. पलीकडच्या डोंगरातून एक नाला उतरायचा, त्यात एक वाघीण राहायची. आसपासच्या नाल्यांतले वाघ बंदुकांनी संपवले होते. उरली होती ही एक आणि तिचे कुत्र्याएवढे झालेले दोन बच्चे. हे रोज सकाळी वाळूतले तिचे माग पाहून यायचे आणि भाकरी खाताना तिच्याबद्दलच बोलायचे. सवतीचा राग यावा इतकं बोलायचे.

चैत्रात शहाद्याकडच्या एका बागाईतदाराने ती पाणवठ्यावर मारली. हातात परवाना नाही, वाघिणीमागे पिल्लं, तरी मारली. ह्यांनी त्याला जागेवर धरलं, पंचनामा लिहिला, वरच्या साहेबाला निरोप धाडला. साहेब आला तो बागाईतदाराच्याच बैलांच्या दमणीत बसून. तेव्हाच मी काय ते ओळखलं. पंचनाम्याचे तुकडे आमच्या अंगणात पडले, आणि खोटी तक्रार केली म्हणून माफी ह्यांनाच मागायला लावली. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात, ते मी ओसरीत उभी राहून पाहिलं. वाघीण गाडीत चढवायलाही ह्यांनाच लावलं. बागाईतदाराच्या बुटांना रक्त लागलं होतं. त्याने ह्यांच्या डोक्यावरचं खात्याचं पागोटं काढलं, बूट पुसले आणि परत डोक्यावर ठेवलं. हसला नाही की रागावला नाही. आपण चुलीजवळचं फडकं घेतो ना, तसं घेतलं.

ते पागोटं मी रिठ्याने धुतलं, राखेने धुतलं. डाग काही गेला नाही. याला मी सोडणार नाही, हे त्याच दिवशी ठरलं. कसं, ते मात्र ठाऊक नव्हतं.

एक बच्चा आठवड्याने नाल्यात मेलेला सापडला. दुसरा जगावा म्हणून हे पाड्यावरचं मेलेलं ढोर नाल्याकडे ओढून न्यायला लावायचे. तो जगला. दोन वर्षांत चांगला वाघ झाला.

आणि मग बागाईतदार पुन्हा आला. या वेळी परवाना रीतसर होता, आणि बरोबर एक गोरा साहेब होता. साहेबाच्या हातून वाघ पडला की याची दरबारात खुर्ची पक्की, असं लोक बोलत होते. हाका लावायचा हुकूम ह्यांच्याच नावाने निघाला. पाड्यावरच्या पावरा माणसांची रांग वरून ढोल बडवत वाघाला नाल्याच्या तोंडाशी आणणार, तिथल्या मोहाच्या झाडावर मचाण. साहेबाला चढ नको होता, म्हणून मचाण आमच्या चौकीच्या समोर, हाकेच्या अंतरावर बांधलं. वाघ पोसला ह्यांनी, आणि त्याला बंदुकीपुढे आणायचंही ह्यांनीच.

सकाळी हे रांगेबरोबर वर गेले. बागाईतदार अंगणात आला. माझ्या कडेवर तान्ही पोर होती. तिच्याकडे बघत मला म्हणाला, "बाई, बार व्हई तोवर चूल पेटाडू नको. धूर दखाले नको."

मी मान हलवली आणि चूल पेटवली नाही. राखेखाली पहाटेचे निखारे होतेच.

नजर उतरवताना मीठ, मोहरी आणि मिरच्या ओवाळून विस्तवात टाकायच्या, हे कोणाला सांगायला नको. नजर लागलेली असेल तर मिरच्यांचा खकाणा उठत नाही. नसेल तर घरात बसवत नाही. आमच्याकडे तेव्हा नंदुरबारच्या बाजारातून आणलेल्या वर्षाच्या मिरच्या होत्या. मी निखारे घमेल्यात घेतले, घमेलं कुडाआड ठेवलं आणि सूपभर मिरच्या शेजारी घेऊन बसले. वारा दिवसा आमच्याकडून मचाणाकडेच वाहतो. दोन वर्षं त्याच वाऱ्यात मी वाळवणं घातली होती.

ढोल जवळ आले. वानर ओरडलं. करवंदीच्या जाळीतून वाघ नाल्याच्या तोंडाशी आला आणि थांबला. इतका देखणा, की ह्यांचं बोलणं मला त्या क्षणी पटलं. मी पोरीवरून मिरच्या ओवाळल्या, तिला आत ठेवून दार लावलं, पदर नाकाला बांधला आणि मिरच्या घमेल्यात ओतून सुपाने वारा घालायला लागले.

आधी बागाईतदार खोकला. मग साहेब. मग दोघं असे खोकायला लागले की मचाण हलायला लागलं. वाघ वळला आणि आल्या वाटेने वर गेला. बार झालाच नाही.

साहेब डोळे पुशीत उतरला आणि बागाईतदाराशी एक शब्द न बोलता निघून गेला. खुर्ची गेली. बागाईतदार तणतणत माझ्याकडे आला. हाक्याची माणसं नाल्यातून उतरत होती, सगळी ऐकत होती.

"काय जाळं तू?"

"पोरनी नजर उतारी," मी म्हटलं. "सकाळे तुम्ही तिले दखी गयात ना, म्हनीसन."

माणसं तोंडावर हात ठेवून हसली. मला जो आनंद झाला तो मी लपवणार नाही. लग्नातही तेवढा झाला नव्हता.

सगळ्यांच्या शेवटी हे उतरले. पागोटं हातात, कोपर सोललेलं, चेहरा पिठासारखा. ओसरीवर बसले, पाणी प्यायले. मग म्हणाले, "वाघ मन्हा आंगवरतीन गया. त्याना धक्काखाल पडनू मी." तांब्या खाली ठेवला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "तुले ठाऊक व्हतं ना, मी रांगमा शे ते?"

ठाऊक होतं. वळलेला वाघ रांगेवरच जाणार, हे पाड्यावरचं पोरही सांगेल. पण सूप हलवताना मला फक्त ते पागोटं दिसत होतं.

सुपात मूठभर मिरच्या उरल्या होत्या. दिवे लागायच्या आत ह्यांना दारात बसवलं, तीनदा ओवाळलं आणि त्या निखाऱ्यांवर टाकल्या. मिरच्या मुकाट काळ्या पडल्या. आधीच्या खकाण्याने माझं नाक मेलं असेल, म्हणा. पण हेही खोकले नाहीत आणि पोरही शिंकली नाही.

नजर कोणाची, ते ह्यांनी विचारलं नाही. बागाईतदारावर ढकलता आलं असतं, पण त्याने दिवसभरात ह्यांच्याकडे एकदाही पाहिलं नव्हतं.