आईचं बोट

केमोथेरपीचं संमतीपत्र इंग्रजीत होतं. मी ते आईला मराठीत सांगत होते आणि इंग्रजी येत नसूनही तिचं बोट ओळींखालून सरकत होतं. केस जातील, उलट्या होतील, इथपर्यंत जमलं. पुढची ओळ मी मनात वाचली आणि म्हणाले, "थोडा अशक्तपणा येईल."

बोट थांबलं. "एवढी लांबलचक ओळ आणि मराठीत एवढीशीच? उगीच घातलं गं तुला त्या इंग्रजी शाळेत."

आजार तिच्या शरीरात, सही तिची. आणि तिने किती घाबरायचं ते मात्र मी ठरवत होते. ही लपवाछपवी नक्की कोणाला सांभाळत होती?

"हृदय कमजोर होऊ शकतं," मी सांगितलं.

"हं. मग मला विचार करू दे," म्हणत आईने पेनाला टोपण लावलं. ती नको म्हणेल, याचीच तर मला भीती होती.