रिकाम्या मात्रेवरची उडी

माझ्या थोरल्या नणंदेला जगातली कुठलीही गोष्ट ठेक्यात बसल्याशिवाय खरी वाटत नसे. मी त्यांना चेष्टेने वन्सं म्हणू लागले आणि बघता बघता इथल्या, अमेरिकेतल्या श्रूजबरी गावातल्या निम्म्या मराठी मंडळींच्या त्या वन्संच झाल्या. आठवडाभर एका इन्शुरन्स कंपनीत सॉफ्टवेअर टेस्टिंग, रविवारी बेसमेंटमध्ये मुलांना तबला, आणि उरलेल्या वेळात इतरांच्या चुका काढणं, असा त्यांचा संसार. लग्न त्यांनी केलं नाही. त्यांच्या लयीत चालणारा कुणी भेटला नसावा. मायक्रोवेव्हच्या बटणांवरचे आकडे त्या कधी बघत नसत. दूध आत ठेवायचं, विलंबित तीनतालाचं एक आवर्तन बोटांवर धरायचं आणि दार उघडायचं. दूध कधीही उतू गेलं नाही, हे मला आजही खुपतं. सिग्नलला उभ्या असल्या की इंडिकेटरच्या टिकटिकीवर त्यांचा ठेका सुरू होई, आणि दिवा हिरवा झाला तरी सम आल्याशिवाय गाडी हलत नसे. मागून हॉर्न वाजले की म्हणत, "बेताले मेले." एकदा मंडळाच्या गणपतीत टाळ्या घसरताहेत म्हणून त्यांनी आरती मध्येच थांबवली आणि सगळ्यांना पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लावली. माझ्या मुलीने मला हळूच विचारलं, "मॉम, इज शी अलाउड टू डू दॅट?" त्यांना कोण अडवणार, कर्माला.

दोन हजार एक साली इथल्या कंपन्या माणसं काढू लागल्या, त्यात वन्संचीही नोकरी गेली. दुसरं कुणी रडलं असतं, निदान रेझ्युमे तरी नीट केला असता. वन्सं गावाबाहेरच्या एका फार्मवर घोडेस्वारी शिकायला गेल्या. पंचेचाळिशी उलटलेली, गुडघे कुरकुरणारे, आणि डोक्यावर ते काळं हेल्मेट. माझा नवरा म्हणजे त्यांचा सख्खा धाकटा भाऊ. तो आठवडाभर कुणाला सांगायची सोय नाही अशा चेहऱ्याने हिंडत होता. पुढे दुसरी नोकरी मिळाली, पण घोडा सुटला नाही. म्हणजे घोडी. ठेंगणी, तपकिरी, पोटाने सुटलेली. तिचं खरं नाव काहीतरी इंग्रजी होतं, वन्संनी तिची ठकी करून टाकली. मैदानात दोन आडवे दांडे लावलेले असत. पहिल्यावरून उडी, मग मधली मोकळी जागा, मग दुसऱ्यावरून उडी. त्या मधल्या जागेत ठकीच्या बरोबर सहा ढांगा बसत, म्हणजे दादराच. "धा धी ना, धा ती ना" असं मोठ्याने म्हणत वन्सं यायच्या आणि पुढच्या 'धा'ला, ऐन समेवर, ठकी उडायची. तिथली शिक्षिका साठीची, अगदी मितभाषी अमेरिकन बाई. तिला ही हिंदूंची प्रार्थना वाटे, त्यामुळे ती अदबीने गप्प राही.

मग एका हिवाळ्यात डग्ग्याचा आवाज बिघडला. शिकणाऱ्या मुलांना पत्ता नव्हता, पण वन्संना पहिल्याच रविवारी कळलं असणार. डाव्या हाताची बोटं मागे पडत होती. डॉक्टरांनी पार्किन्सन्स सांगितलं, आणि घोड्यावरून उड्या मारणं उन्हाळ्याच्या आत थांबवा असंही सांगितलं. त्याच महिन्यात ठकीच्या पोटात कळ उठली. आतडं पिळलं गेलं होतं, इलाज नव्हता, तिला इंजेक्शन देऊन कायमचं झोपवावं लागलं. मीच वन्संना तिकडे घेऊन गेले होते. बर्फात त्या तिच्या मानेवर हात ठेवून उभ्या होत्या आणि तो हात थरथरत होता. थंडीने की कशाने, ते मी विचारलं नाही. परतताना त्यांनी गाडीत बसून पट्टा लावला. मग म्हणाल्या, "हात जायचा तेव्हा जाईल. पण ठकी गेली म्हणून मी थांबले, असं नको व्हायला. दुसऱ्या घोड्यावरून ते दोन दांडे एकदा धड पार करते, मग बंद." भावाने आकांडतांडव केलं. त्याचा उपयोग झाला नाही.

फार्मवर मोकळा असलेला दुसरा घोडा म्हणजे निव्वळ भिंत होती. वन्संनी त्याचं नाव व्याहीबुवा ठेवलं, कारण त्याला काही न करताच मान द्यावा लागे. व्याहीबुवांच्या ढांगा लांब. ठकीच्या सहा ढांगांची जागा ते पाच ढांगांत संपवत. वन्संचा दादरा मात्र सुरूच. पाचवी मात्रा संपायच्या आत दांडा समोर आला की सहावी बसवायला त्या लगाम ओढून धरत, आणि व्याहीबुवा दांड्याच्या पुढ्यात पाय रोवून उभे राहत. वन्सं तेवढ्या एकट्याच पुढे जात. दोनदा वाळूत पडल्या. दुसऱ्यांदा खांदा काळानिळा झाला आणि मी त्यांच्याशी भांडले. शिक्षिकेने तेव्हा पहिल्यांदा तोंड उघडलं. म्हणाली, मोठ्या घोड्याला लहान घोडी करू नका. सहावी ढांग तिथे नाहीच, ती ओढून आणू नका. आणि त्याची ढांग सावकाश पडते म्हणून तो रेंगाळतोय असंही समजू नका, टाच मारू नका. नुसत्या बसून राहा, त्याला येऊ द्या.

बसून राहणं हे वन्संच्या रक्तातच नव्हतं. त्यांनी घरी येऊन झपताल काढला. त्याचा पहिला अर्धा भाग पाच मात्रांचा, "धी ना धी धी ना". जमलं म्हणून त्या खूश झाल्या, आणि लगेच चेहरा उतरला. कारण सहावी मात्रा रिकामी, तबल्याच्या भाषेत 'खाली'. तिथे डग्गा गप्प असतो, वजन नसतं, हाताने नुसती खूण करायची. जन्मभर समेवर उडी घेतलेली बाई. मला म्हणाल्या, "अगं, रिकाम्या मात्रेवर कुणी जीव टाकतं का?" मला यातलं ओ की ठो कळत नव्हतं. इतकंच दिसत होतं की चहाचा कप त्या आता दोन्ही हातांनी धरतात.

एप्रिलअखेरीस वन्सं पुन्हा व्याहीबुवांवर चढल्या. मी कठड्याला धरून उभी होते. पहिला दांडा गेला. मी बोल ऐकू यायची वाट पाहिली, पण काही आलंच नाही. वाळूवर फक्त टापा वाजत होत्या. आता लगाम ओढतील, आता ओढतील, असं मला वाटत राहिलं. त्या ओढत नव्हत्या. डावा हात आयाळीत रुतवून गप्प बसल्या होत्या. पाचवी ढांग पडली आणि व्याहीबुवा उचलले गेले. उतरले ते वाकडे. वन्संचा एक पाय रिकिबीतून सुटला, त्या मानेवर आदळल्या, पण पडल्या नाहीत. बघायला काही सुंदर नव्हतं ते. शिक्षिका "गुड" म्हणाली आणि दांडे आवरायला गेली.

खाली उतरल्यावर वन्संना हनुवटीखालचा पट्टा सोडवता येईना. एरवी मदतीला गेलेल्याच्या हातावर चापट बसायची. त्या दिवशी त्यांनी नुसती हनुवटी वर केली आणि उभ्या राहिल्या. मी पट्टा सोडवला. घामाने केस चपटे झाले होते, ओठाला वाळू लागली होती. किती आवडायची मला ही बाई, आणि कधी बोलून दाखवलं नव्हतं.

"मला वाटायचं, त्या सहाव्या मात्रेला काही नसतं," त्या म्हणाल्या. "तो होता गं खाली."

पुढे त्या घोड्यावर बसल्या नाहीत, आणि पावसाळी जून संपायच्या आत बेसमेंटमधला वर्गही बंद झाला. पण त्या दिवशी गाडीपर्यंत त्यांनी डावा हात माझ्या हातात राहू दिला. तो सारखा थरथरत होता, आणि गाडीचं दार उघडायचं होतं तरी मला तो सोडवेना.