अंथुर्ण्याच्या चौकातल्या हेल्गाबाई

माझ्या मुलीला जर्मनीत घर मिळाल्याची बातमी अंथुर्ण्याच्या चौकात शुक्रवारी सकाळी झळकली. दहा फूट बाय आठ फूट, चार रंगांत. बातमीत एकच चूक होती. घर मिळाले नव्हते.

मजकूर माझ्या हाताखालून गेला होता. हे आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढे ते उघड होणारच आहे. एका दैनिकाच्या बारामती कार्यालयात मी एकतीस वर्षे काढली. ‘खात्री केली का?’ हा प्रश्न मी इतक्या वार्ताहरांना इतक्या वेळा विचारला आहे, की त्यांतले दोघे-तिघे अजूनही मला पाहून रस्ता ओलांडतात.

करुणा, माझी मुलगी, इंजिनिअर. लाइपझिगला नोकरी लागली आणि ती गेली. कंपनीने महिनाभरासाठी वसतिगृहात खोली दिली होती, ती तीस तारखेला सोडायची होती. तोवर पक्का पत्ता मिळवून तिथल्या कचेरीत नोंदवला नाही, तर पुढचे सगळे कागद अडणार होते. तिथे भाड्याच्या घरासाठीही अर्ज करावा लागतो. सोबत फोटो, स्वतःची माहिती आणि आपण शांत स्वभावाचे आहोत अशी हमी. (आमच्या घराण्यात ही हमी देणारी करुणा पहिलीच.) तिने सदतीस अर्ज केले. पस्तीस जणांनी उत्तर दिले नाही, एकाने नकार दिला. उरल्या हेल्गाबाई.

हेल्गाबाई चौऱ्याहत्तर वर्षांच्या, निवृत्त ग्रंथपाल. खाली स्वतः राहायच्या, वरच्या दोन खोल्या द्यायच्या होत्या. करुणा आणि आणखी एक मुलगा, अशी दोन नावे त्यांनी शेवटी ठेवली होती. निर्णय रविवारी होता.

बुधवारी करुणा दुसऱ्यांदा घर पाहायला गेली आणि तिथून तिने आईला व्हिडिओ कॉल लावून स्वयंपाकघर दाखवले. त्या वेळी बारामतीला आमच्याकडे तात्या आले होते. तात्या म्हणजे माझे थोरले बंधू. ते आमच्या गावी, अंथुर्ण्यात, ऊस आणि उचापती करतात, दोन्ही बारमाही. पडद्यावर हेल्गाबाई आल्या, तोंडात केकचा घास असतानाच त्यांनी हात हलवला, आणि तात्यांनी नेमका तो क्षण मंगलच्या मोबाइलवर टिपला. (मंगल ही माझी पत्नी. मोबाइल तिचा, बोट तात्यांचे.)

“म्हातारीनं पोरीला केक दिला का?” कॉल संपल्यावर तात्यांनी विचारले.

“दिला की,” मंगल म्हणाली.

“आन् कापी?”

“कॉफीपण दिली.”

“मग झालं! ठरल्याबिगर कुणी खायला घालतंय व्हय? आपल्यात बी नकार द्यायचा आसला की नुसतं पाणी येतं.”

मला हे पटले. आमच्या भागात सोयरिकीच्या बैठकीचा निकाल तोंडाने सांगत नाहीत, आतून ताटली येते की नाही यावर तो कळतो. मी स्वतः दोन घरांतून नुसते पाणी पिऊन परतलेला माणूस आहे.

गुरुवारी तात्यांचा फोन आला. “बाळ्या, फ्लेक्स लावतोय. मजकूर बघ. ‘जर्मनीत घर घेतल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.’ कसंय?”

मी ताठ बसलो. “तात्या, घर घेतलं नाही, भाड्यानं मिळालंय. खोटं छापायचं नाही!”

“आरं, भाड्यानं लिवलं की वजन जातंय.”

“वजन जाऊ दे. खरं तेच लिहायचं.”

“गावात कोण तपासाय बसलंय?”

“मी बसलोय!”

दहा मिनिटे भांडलो आणि जिंकलो. ‘घेतल्याबद्दल’ खोडून ‘भाड्याने मिळाल्याबद्दल’ केले. सत्यासाठी एवढे झगडल्यावर माणसाला एक समाधान मिळते. ते मला रात्रभर पुरले.

शुक्रवारी फ्लेक्स लागला. डावीकडे पदवीच्या टोपीतली करुणा. उजवीकडे, तिच्या दुप्पट आकारात, गाल फुगलेल्या हेल्गाबाई. डिझायनरने आपल्या अकलेने त्यांच्या खांद्यावर शाल टाकली होती आणि मागे उसाचा फड लावला होता. खाली ‘शुभेच्छुक : समस्त ग्रामस्थ’. तासाभरात तो पणदऱ्यापासून बावड्यापर्यंत सगळ्या पाहुण्यांच्या मोबाइलवर पोचला. दुपारी लाइपझिगलाही पोचला.

“पप्पा, हे काय आहे?”

“आवडला?”

“मला घर मिळालेलं नाही!”

“केक दिला ना त्यांनी?”

“त्या दुसऱ्या मुलालाही दिला!”

दुसऱ्या बाजूकडे चौकशी करायची राहून गेली होती.

“आणि त्यांचा फोटो? पप्पा, इथं लोक इंटरनेटच्या नकाशावरचा स्वतःच्या घराचा फोटोसुद्धा पुसट करून घेतात. तुम्ही त्यांना केक खाताना चौकात टांगलंय!”

आम्ही दोघे तातडीने अंथुर्ण्याला गेलो. तात्या फ्लेक्सखाली खुर्ची टाकून अभिनंदन स्वीकारत होते.

“उतरवा,” मी म्हणालो.

“न्हाय उतरत. आत्ता उतरवला तर गाव म्हणंल, पोरीचं घर गेलं.”

“मग निदान बाईंचं तोंड तरी झाका,” मंगल म्हणाली.

हे तात्यांना मान्य झाले. शिडी आली. युरियाची रिकामी गोणी उलगडून हेल्गाबाईंच्या चेहऱ्यावर बांधली. ती वाऱ्याने उडू लागली, म्हणून तात्यांनी वरून झेंडूची माळ आवळली. आता शालीतली एक बाई, तोंडावर गोणी आणि गळ्यात हार! पाच मिनिटांत समोरच्या दुकानातले एक आबा टोपी काढून आले.

“कवा गेल्या?”

“कोण?”

“मालकीणबाई. लई वाईट झालं. सकाळी तर खात हुत्या, फोटूत दिसतंय की.”

“गेल्या न्हायती, आबा!” तात्या ओरडले. “हायत!”

“मग तोंड का झाकलंय?”

आबांच्या मागे आणखी चौघे हात जोडून उभे होते. हाराने घोळ वाढला हे कळून तात्या स्वतः शिडीवर चढले आणि संध्याकाळच्या आत फ्लेक्स उतरला.

तिकडे करुणाने ठरवले की हेल्गाबाईंना दुसरीकडून कळण्याआधी आपणच सांगायचे. शनिवारी सकाळी तिने जाऊन मोबाइल त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा बदलला. शाल पाहिली, ऊस पाहिला, स्वतःचे गाल पाहिले. मग प्रत्येक ओळीचा अर्थ विचारला.

“तुमच्याकडे खोली भाड्याने घेणाऱ्या प्रत्येकाचं असं पोस्टर लागतं?”

“नाही,” करुणा म्हणाली. “पण माझ्या वडिलांना खोली मिळणं सोपं गेलं नव्हतं. म्हणून आमच्या घरात ही बातमी आहे.” आणि तिने सगळे सांगितले.

सांगितले ते असे. मी कॉलेजसाठी अंथुर्ण्याहून बारामतीला आलो, तेव्हा अकरा घरे फिरलो. आमच्या आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पण आडनाव तेच राहिले, आणि आडनाव लगेच ओळखू येई. खोली रिकामी असायची, मालकही आदराने बोलायचे. आडनाव ऐकले, की त्याच आठवड्यात त्यांच्याकडे पाहुणे येणार असायचे. बारामतीत त्या वर्षी फार पाहुणे आले. बाराव्या घरात खोली मिळाली, त्या दिवशी तात्यांनी गावात पेढे वाटले. फ्लेक्स तेव्हा निघाले नव्हते, नाहीतर लागला असता.

(करुणाचे पस्तीस जण गप्प का राहिले, मला ठाऊक नाही. तिकडेही पाहुणे येत असतील.)

हेल्गाबाईंनी कागद-पेन घेतले. मग अर्जात असूनही त्यांनी करुणाला आडनाव पुन्हा विचारले. करुणाने सांगितले. त्यांनी ते एकेक अक्षर विचारून कागदावर लिहून घेतले. दारावरच्या घंटीखाली लावायची पट्टी त्यांना करून घ्यायची होती.

निर्णय एक दिवस आधी झाला. पट्टीचा फोटो मंगलने मोठा करून करून पाहिला. मीही पाहिला, एकही चूक नव्हती. तात्या फोनवर एवढेच म्हणाले, “आपलं आडनाव. दारावर. त्यांनी सोताहून?”

हेल्गाबाईंची एक तक्रार होती, फोटो चांगला नव्हता. ग्रंथालयातल्या निरोपसमारंभाचा, मोत्यांची माळ घातलेला फोटो त्यांनी करुणाकरवी पाठवला आणि तोच वापरा असे कळवले. मग दुसरा फ्लेक्स निघाला. या वेळी मी कसूर ठेवली नाही. करारनामा झाल्याची खात्री केली. हेल्गाबाईंच्या नावाचा उच्चार दोनदा विचारून घेतला. प्रूफ तीनदा वाचले, ग्रामस्थांतल्या ‘स्थ’वर भिंग धरले. तात्या म्हणाले, “बाळ्या, आता छापू दे की!” तरी चौथ्यांदा वाचले.

फ्लेक्स लागला तेव्हा अर्धे गाव जमले होते. मी दुरून वाचला. सगळे नीट होते.

मंगलने माझा हात धरला. “अहो, पोरगी कुठाय?”

मी पुन्हा वर पाहिले. मोत्यांच्या माळेतल्या हेल्गाबाई होत्या. फेट्यातले तात्या होते. मध्ये मी होतो. मजकूर होता : ‘ज्येष्ठ पत्रकार’, पुढे माझे संपूर्ण नाव, ‘यांच्या कन्येस जर्मनीत घर भाड्याने मिळाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन’. करुणाचे नाव नव्हते, फोटोही नव्हता.

‘ज्येष्ठ’ हा शब्द मूळ मजकुरात नव्हता. तो मी चौथ्या वाचनात घातला.