विमलताईंची मागची सीट

बोरी अरबच्या विमलताई कुणाला भ्यायच्या नाहीत. तुरीत शिरलेलं रानडुक्कर त्यांनी एकदा हातातल्या विळ्यानं आणि बरंचसं तोंडानं हाकलून लावलं होतं. कापूस वेचायला पंधरा बाया लावायच्या आणि दिवसभरात एकीलाही बांधावर टेकू द्यायचं नाही, हे गावात त्यांनाच जमायचं. पण दारात उभी असलेली लेकीची स्कुटी दिसली, की या बाईचे हातपाय गळायचे.

याला कारण पुंडलिकराव. लग्नाला पंचवीस वर्षं झाली, पण बायकोचा हात कुठल्याही यंत्राला लागला, की ते पेपरातून डोकं न काढता म्हणायचे, "तुह्याच्यानं नाही होत ते." मिक्सर असो की विहिरीवरची मोटर. माणूस वाईट नव्हता. बोलायचा आणि विसरून जायचा. विमलताईंनी मात्र ते वाक्य आधार कार्डासारखं जपून ठेवलं होतं.

लेक अपेक्षा बापाच्या वरताण हट्टी. तिनं आईला शाळेच्या मैदानावर स्कुटी शिकवायला काढली. "मांगं पाह्यचं नाही, समोर पाह्य. मी हाय ना मांगं," असं म्हणत ती मागं बसायची आणि विमलताई मैदानाला ऐटीत फेऱ्या मारायच्या. लेक उतरली, की दहा पावलांत गाडी उकिरड्यात. दर खेपेला आरसे वाकायचे आणि मन्सूर मेकॅनिक ते सरळ करून द्यायचा. तिसऱ्यांदा त्यानं हात जोडले. "वैनी, आरसे काढूनच ठेवतो. तुमी तसंबी मांगं पाहत नाही."

अशात अपेक्षाचा पेपर आला. दारव्ह्याला, अकरा वाजता. चार दिवसांपूर्वी बांधावरून घसरून तिचा डावा हात प्लास्टरमध्ये गेला होता. पुंडलिकराव महागावला नात्यातल्या कुणाच्या दहाव्याला गेले होते. आणि ज्या दिवशी हमखास लागते, त्या दिवशी एस.टी. येत नाही, तशी ती आली नाही.

"आई, तूच चाल."

"मी? हायवेवर?"

"मी मांगं हाय ना!"

झालं. विमलताईंनी डोळे तेवढे उघडे ठेवून सगळं डोकं स्कार्फमध्ये बांधलं आणि निघाल्या. गावाबाहेरच्या पंपावर उतरून, सीट उचलून पेट्रोल टाकलं. पुन्हा गाडीवर बसून त्यांनी हँडल घट्ट धरलं. सीटचं लॉक नीट लागलं नव्हतं, म्हणून अपेक्षानं मागून सगळा भार टाकून सीट दाबली. धप्प! लेक बसली, असं समजून विमलताईंनी रेस पिळली. मागून हाका आल्या, पण स्कार्फ जाड, आणि मागं पाहायचं नाही ही तर लेकीचीच शिकवण.

काय चालवली त्या दिवशी त्यांनी गाडी! कापसानं फुगलेला ट्रॅक्टर मागं टाकला. बकऱ्यांच्या कळपातून वाट काढली, वर बकऱ्यावाल्याला चार शब्द सुनावले. आणि सगळ्या रस्त्यानं लेकीला उपदेश. "रातभर मोबाइल पाह्यतं, म्हनून बांधावर पाय घसरते. आयकून राह्यली ना?" लेक एकदाही उलटून बोलली नाही. पोरगी सुधारली, या विचारानं विमलताईंचा ऊर भरून आला.

कॉलेजच्या फाटकाशी त्यांनी ब्रेक दाबला. घड्याळात दहा वाजत होते. "उतर."

कोणी उतरेना. त्यांनी वळून पाहिलं, तर मागं कोणीच नव्हतं. पोरगी रस्त्यात पडली! डोळ्यांसमोर तो ट्रॅक्टर आला, त्या बकऱ्या आल्या. तेवढ्यात पुढच्या हुकाला अडकवलेल्या लेकीच्या पिशवीत फोन वाजला.

"आई, कुठी हाय तू?" अपेक्षा पंपवाल्याच्या फोनवरून बोलत होती.

"दारव्ह्याले."

"कोनासंगं गेली?"

"तुह्यासंगं!"

"मी पंपावरच हाय ना, आई! हॉल तिकीट पिशवीत हाय. अकराले पेपर हाय माहा. अथून जायले काहीच भेटून नाही राह्यलं. तूच ये."

विमलताईंनी फोन पिशवीत ठेवला. मागची सीट रिकामी होती, आणि आता ते त्यांना ठाऊक होतं. त्यांनी गाडी वळवली, तर ती थेट फाटकावर आदळली. फाटकावरच्या गोपाल चौकीदाराला त्या काकुळतीला येऊन म्हणाल्या, "भाऊ, बोरीच्या पंपावरी जाऊन येऊ. तुमी नुसते मांगं बसा. बोलू नका, काही नका."

"मी गेट सोडून कसा येऊ? आन् मले कायले नेता? आताच एकट्या आल्या ना तुमी. मी पाह्यलं, मस्त चालवत आल्या. बडबडत होत्या, पन चालवली मस्त."

विमलताईंनी रिकाम्या सीटकडं पाहिलं. ट्रॅक्टर कोणी मागं टाकला? बकऱ्या कोणी चुकवल्या? पोरगी तर पंपावर उभी होती. पंचवीस वर्षं घट्ट धरून ठेवलेलं ते वाक्य त्यांना पहिल्यांदाच खोटं वाटलं, आणि राग आला. पुंडलिकरावांचा आला, त्याहून स्वतःचा जास्त आला.

त्या गाडीवर बसल्या. मागची रिकामी सीट हातानं थोपटली. "नीट बस वं," सीटला बजावलं आणि रेस पिळली.

त्या पंपावर पोचल्या, लेकीला बसवलं. या खेपेला "बसली काय?" असं तीनदा विचारून, हात मागं नेऊन तिचं प्लास्टर चाचपून पाहिलं. फाटकाशी आल्या तेव्हा अकराला चार मिनिटं कमी होती. अपेक्षा हॉल तिकीट घेऊन पळत सुटली. गोपालनं बसायला खुर्ची दिली. त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी स्कार्फनं पुसलं.

तेवढ्यात पिशवीतल्या फोनवर पुंडलिकरावांचा फोन. "एस.टी. नोती म्हन्ते. पोरीले कोनं नेलं?"

"म्या."

"तू? येकटी? संगं कोन होतं?"

"आंदी वाटे, मांगं हाय कोनीतरी. मंग पाह्यलं तं मीच होती."

पुंडलिकराव जरा हळू आवाजात म्हणाले, "मंग सांजच्याले मले फाट्यावरून घ्याले येतं काय?"

"येते. पन बसल्यावर तोंडानं सांगजा," विमलताई म्हणाल्या. "मी मांगं पाहत नसते."