पत्ता उचल की!

मंडळी, आज दुपारी मस्तगडला माझ्या दोस्ताच्या, अझहरच्या घरी गेल्तो आन् पोट दुखेपर्यंत हसून आलो.

ते राक्षस-ड्रॅगनवाले जमवायचे पत्ते असतात ना, त्यांचा डेक, म्हंजी खेळायचा गठ्ठा, मी दोन महिन्यांपासून कॉम्प्युटरवर बनवून राह्यलो. आपल्या पसंतीचे पत्ते निवडायचे, सॉफ्टवेअरशी खेळायचं, जो पत्ता कामाचा न्हाई तो बदलायचा. डेक एकदम बराबर जमला. आज पहिल्यांदा खरे पत्ते घेऊन माणसासमोर बसलो.

माझी पाळी आली. मी गुमान बसलो. अझहर बी बसला. जरा वेळानं म्हणला, "भाऊ, झोप लागली का?"

मी पत्ता यायची वाट बघून राह्यलो होतो! सॉफ्टवेअर दर पाळीला नवा पत्ता आपोआप देतं. इथं गठ्ठ्यातून आपणच उचलावा लागतो, हे ध्यानातच न्हाई आलं. त्याची अम्मी चहा घेऊन आल्ती, ती बी हसायला लागली.

शेवटी अझहर जिंकायलाच आल्ता. मी परत विसरलो आन् हार मानून पत्ते खाली ठेवायला लागलो. तर तोच वरडला, "अरे, पत्ता उचल की!"

उचलला. माझा सगळ्यात तगडा ड्रॅगन निघाला. बाजी माझी!

अझहरनं कपाळावर हात मारला आन् माझ्यापेक्षा जोरात हसला.

जिंकता जिंकता समोरच्याला "उचल" म्हणणारा गडी कोणत्या सॉफ्टवेअरमधी भेटंल? तुमच्याकडं हाय का असा कोणी? असला तर येत्या रविवारी मस्तगडला घेऊन या.