लाल पोटाची पिल्लं

सुरुवातीलाच सांगून ठेवतो... भूतखेत, चकवा, जिन यांवर माझा काडीचाही विश्वास नव्हता आणि आजही नाही. आमची अम्मी चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, परकोटाजवळून जाताना कुराणातली आयत पुटपुटायची, तेव्हा मी मुद्दाम शीळ वाजवत चालायचो आणि घरी येऊन मार खायचो. त्यामुळे पांढरी साडी आणि उलटे पाय शोधणाऱ्यांनी खुशाल पान उलटावं. माझ्या अनुभवात भूत नाहीच. पाण्यातले किडे आहेत, मिलिमीटरमध्ये मोजायचे. पण या किड्यांनी माझी झोप जितकी उडवली, तितकी कुठल्या भुताने उडवली नसती.

छप्पन साली आमचा भाग मुंबई राज्यात गेला, त्याच्या पुढच्या पावसाळ्यातली गोष्ट. गडचिरोली तेव्हा वेगळा जिल्हा नव्हता, सगळा चांदाच. मी मत्स्य खात्यात नवाच चिकटलो होतो. वय तेवीस, मिशी नुकती आलेली, आणि अक्कल आपल्याकडेच आहे असा पक्का समज. चामोर्शीकडून घोटच्या जंगलाकडे जाताना ढिवरांचं एक गाव होतं, बारा घरांचं. सगळी घरं तलावाच्या मासोळीवर जगणारी. गावाचं नाव लिहीत नाही, त्यांची नातवंडं अजून तिथे आहेत.

त्या उन्हाळ्यात तलाव तळापर्यंत आटला होता. मी सल्ला दिला की आयता आटलाच आहे तर गाळ काढून टाका. सल्ला चांगला होता हो, पण किती काढायचा ते सांगायचं राहिलं. त्या बिचाऱ्यांनी साहेबाचा शब्द म्हणून तलाव घरच्या अंगणासारखा खरवडून काढला आणि काळा गाळ शेतात नेऊन टाकला. मग पाऊस पडला, तलाव भरला, आणि पुरुष मंडळी वैनगंगेच्या पुरातून मासोळीचं बी घेऊन आली. जिऱ्याएवढी पिल्लं, मातीच्या हंड्यांत, कावडीवर. वाटभर हंडीतल्या पाण्यावर तळहाताने थापट्या मारत यायचं, म्हणजे पिल्लं गुदमरत नाहीत. दोन दिवस आणि एक रात्र त्यांनी अशा थापट्या मारल्या होत्या.

पिल्लांचं खाणं आहे का पाहायला मी आपली बारीक जाळी तलावात ओढली. जाळीत आलेलं साठावं म्हणून टोकाला बसवायची पितळी डबी माझ्या अब्बांनी घडवून दिली होती, ते कल्हईचं आणि डाकाचं काम करायचे. डबी रिकामी. पुन्हा ओढली, पुन्हा रिकामी. आता हे नीट समजून घ्या — एवढाली पिल्लं पहिले काही दिवस पाण्यातले बारीक जीव खातात, दुसरं काही त्यांना चालत नाही. या जिवांची अंडी तळाच्या गाळात सुकून पडलेली असतात, पाणी आलं की फुटतात. गाळ शेतात गेला होता. म्हणजे मीच घालवला होता. शेणखत टाकून नवे जीव व्हायला आठवडा तरी हवा आणि हंड्यांत दुपारपासून पिल्लं उलटी व्हायला लागली होती. नदीचा पूर ओसरलेला, नवं बी मिळणार नाही. ही पिल्लं गेली तर बारा घरांना वर्षभर मासोळी नाही. 

धानाच्या बांध्यांत जाळी ओढली, तर नुसती बेडकांची पिल्लं. तेव्हा पार्बताबाई बोलली. ती गावातली सगळ्यांत वडीलधारी ढिवरीण, तिच्या शब्दाशिवाय तिथे जाळं पाण्यात पडत नसे. ती म्हणाली की जंगलात अर्ध्या तासावर एक बोडी, म्हणजे छोटं तळं आहे, गार बोडी म्हणतात, त्यात लाल लाल काही पोहतं. तिथे कुणी उतरत नाही. का, तर पाय दुखतात. मी मनात म्हटलं, झालं, आता देवीची कथा. पण कथा काही आली नाही. पाय दुखतात, एवढंच.

दुसऱ्या दिवशी टळटळीत दुपारी आम्ही तिथे पोचलो. मध्ये पावसाने उघडीप दिली होती आणि अंगाची काहिली होत होती. मोहाच्या आणि येनाच्या झाडांत खळ्याएवढं पाणी. त्यावर जणू कुणी तिखट सांडलं होतं, आणि ते तिखट झटके देत पोहत होतं! मी हात घातला आणि झटकन काढला. बोटं बधिर. थर्मामीटर टाकला तर पारा पाच अंशांवर. वाटलं, बिघडला. बगलेत धरून पाहिला, माझ्या अंगाची ऊब बरोबर दाखवली. पुन्हा पाण्यात, पुन्हा पाच. तीनदा केलं हे मी. पार्बताबाई माझ्याकडे, याला ऊन लागलं की काय, अशा नजरेने बघत होती.

मी म्हटलं, खाणं भरपूर आहे, आणा सगळ्या हंड्या, इथेच सोडू पिल्लं. नजर जाळीतल्या लाल मालावर होती ना! हातात थर्मामीटर धरून मी हे बोललो, बघा माझी हुशारी. पार्बताबाईने कोपरापर्यंत हात पाण्यात बुडवला, थोडा वेळ तसाच ठेवला, आणि म्हणाली, "नाई बापू. ह्या पान्यात हिवाळा हाये, पिल्लं मरून जातीन. पिल्लायले काऊन आनतं इथी? खानंच घरी नेऊ."

इतकी साधी गोष्ट. मला सुचली नव्हती.

बायकांनी लुगड्याचे पदर दुहेरी करून पाणी गाळलं आणि लाल जीव थोड्या पाण्यासकट हंड्यांत भरले. रस्ताभर हंड्यांना बाहेरून घाम सुटत होता, बायका पोळल्यासारख्या खांदे बदलत होत्या. इकडे तोवर तलावाच्या कडेला कापडाचा चौकोन बांधून त्यात पिल्लं सोडली होती. तिथेच आम्ही ते लाल ओतलं. कोमट पाण्यात ते मरतील असं मला वाटलं होतं, पण ते पोहत राहिले. घटकाभराने मी भिंग लावलं. पिल्लं काचेसारखी असतात, आरपार दिसतं. प्रत्येकाच्या पोटात एक लाल ठिपका! मी अक्षरशः ओरडलो. सगळं गाव भिंगासाठी रांगेत उभं राहिलं. पार्बताबाईने सगळ्यांत जास्त वेळ पाहिलं आणि भिंग परत द्यायलाच तयार होईना.

नऊ दिवस आम्ही तसं आणलं. दहाव्या दिवशी गेलो तर बोडीत म्हशी बसलेल्या. पाणी कोमट, हिरवट, एक लाल ठिपका नाही. माझ्या जाळीत आलं ते शेवाळ. तोवर तलावात शेणखतावरचे जीव झाले होते, त्यामुळे पिल्लांचं अडलं नाही. माझं मात्र अडलं, ते आजपर्यंत.

एक बाटली मी औषध घालून ठेवली होती. ती प्राणिशास्त्रातल्या एका जाणकारांकडे पाठवली. काही महिन्यांनी उत्तर आलं, छान अक्षरातलं. हा जीव पृथ्वीच्या अगदी उत्तरेकडच्या, जिथे जमीनच वर्षभर गोठलेली असते, तिथल्या तळ्यांत राहतो. बर्फ वितळतो त्या दोन-तीन महिन्यांत जगतो, अंडी घालतो, संपतो. चांदा जिल्ह्यात असणं शक्य नाही, आपल्याकडून चिठ्ठ्यांची अदलाबदल झाली असावी. अहो, अदलाबदल करायला माझ्याकडे दुसरी बाटली तरी कुठे होती?

हिवाळ्यात उत्तरेकडून बदकं येतात, त्यांच्या पायाला अंडी चिकटून आली असतील. हे मी मानतो, विज्ञानही मानतं. पण थंडी? ती कुणाच्या पायाला चिकटून आली?

मी हे सगळं खात्याच्या नोंदीत लिहिलं होतं. वरिष्ठांनी समजावलं की तुझी नोकरी नवी आहे, हसं होईल. मी लिहून दिलं — नोंद चुकीची, नमुना या जिल्ह्यातला नाही. सही केली.

पुढच्या उन्हाळ्यात गावाने पहिली मोठी जाळी ओढली आणि मला जेवायला बोलावलं. हातभर रोहू, भात, तिखटजाळ रस्सा. पार्बताबाईने विचारलं, त्या लाल किड्याचं नाव कळलं काय. मी मान खाली घालून सांगितलं की असा किडा इथे नसतोच, सरकारी कागदावर तसं लिहिलं आहे, आणि लिहिणारा मीच.

ती चिडली नाही. माझ्या ताटात आणखी एक तुकडा वाढला आणि अगदी सरळ विचारलं, "मंग बापू, माह्या पिल्लायच्या पोटात लाल काय होतं?"