सोनगडला चुकलेला ध्रुव

आमच्या सुरतेतल्या मराठी शाळेत शिपायाला सगळे मामा म्हणायचे. हे मामा शिरपूरकडचे. उमेदीची सगळी वर्षं त्यांनी सुरतेत लूम, म्हणजे यंत्रमाग, चालवले आणि पन्नाशी उलटल्यावर पाय साथ देईनात म्हणून शाळेत लागले. तेही करारावर, दर जूनला नवा कागद. लूमच्या खडखडाटाने त्यांचा डावा कान पार गेला होता आणि उजव्यानेही जेमतेमच ऐकू यायचं. त्यामुळे बोलायचे मोठ्याने. हळू बोलायला गेले तरी आवाज शेवटच्या बाकापर्यंत पोचायचा. आम्ही शिक्षक त्यांच्या उजव्या बाजूला जाऊन बोलायचो. शाळेच्या ट्रस्टच्या लोकांना हे ठाऊक नव्हतं आणि आमच्यापैकी कोणी ते कळू दिलं नव्हतं.

मी विज्ञान शिकवायचो. नवागामच्या चाळीत वाढलो, घरी अहिराणी, पण बी.एड. होईपर्यंत ती मी जिभेवरून घासून काढली होती. माझं मराठी ऐकून पालक खूश व्हायचे आणि मलाही ते आवडायचं. मामा मात्र भेटले की "काय सर, जेवनात का?" असं विचारायचे. मी "हो, झालं जेवण" म्हणून पुढे जायचो.

आकाशदर्शनाची सहल ही माझी कल्पना. सुरतेत डिंडोलीच्या पुलावर उभं राहिलं तर पाच-सहा तारे दिसतात, त्यातलं एखादं विमान निघतं. मुलांना खरं आकाश दाखवायचं म्हणून सोनगडच्या पुढे, गावाबाहेर एका ओळखीच्या शेतावर मी एका रात्रीची सोय केली. फेब्रुवारी होता. आठवी-नववीची चौतीस मुलं, मुलींसाठी एक बाई, मी आणि मामा.

संध्याकाळी साडेसातच्या सुमारास अंधार पडला आणि मुलं माना वर करून उभी राहिली. इतके तारे त्यांनी पाहिले नव्हते. खरं सांगायचं तर मीही पाहिले नव्हते. घरी पुस्तकातल्या नकाशावर सगळं सोपं वाटलं होतं. इथे कुठला तारा कुठला तेच कळेना. तरी मी टॉर्च वर धरला आणि सुरुवात केली. व्याध दाखवला, मृग दाखवला, ते बरोबर आले. मग उत्तरेकडे वळलो, तिथे उंचावर एक चांगला ठसठशीत तारा होता. मी म्हणालो, "हा ध्रुव. आकाशात सगळे फिरतात, हा फिरत नाही."

मामा माझ्या मागेच उभे होते. ते पुढे झाले, माझ्या कानाशी आले आणि त्यांच्या समजुतीने अगदी हळू म्हणाले, "सर, तो ध्रुव नाही. ध्रुव खाली आहे, त्या चिंचेच्या वर. बारका आहे."

चौतीस मुलांनी ते ऐकलं.

मी हसून म्हणालो, "मामा, इतका बारका कसा असेल ध्रुव?"

"बारकाच असतो, सर," मामा म्हणाले. आता ते मुलांकडे वळले होते. "लहानपणी मी भुईमुगाच्या राखणीला शेतात झोपायचो. काठी रोवून बघा ना."

मुलांनी दोन काठ्या आणल्या. मामांनी एक माझ्या ताऱ्याच्या रोखाने रोवली, दुसरी स्वतःच्या, आणि बसायची जागा दगडाने आखून दिली. ईशान्येला सप्तर्षींतले चार तारे वर आले होते. ते दाखवत मामा म्हणाले, "हे म्हातारीचं खाटलं. तीन चोर ते पळवायला मागे लागलेत. चोर अजून जमिनीखाली आहेत, तुमची जेवणं होईपर्यंत येतील."

खिचडी खाऊन मुलं धावत परतली. चोर आले होते. माझा तारा काठी सोडून पश्चिमेकडे चांगलाच सरकला होता आणि मामांचा होता तिथेच होता. मुलांनी टाळ्या वाजवल्या. एक मुलगा म्हणाला, "सर, तुमचा ध्रुव पळाला." बाईसुद्धा हसल्या. त्यानंतर झोपेपर्यंत मुलं मामांच्या भोवती होती. मी पाणी पुरेल ना हे बघत टाकीपाशी उभा होतो. मामा मधेच येऊन म्हणाले, "सर, रागावू नका, माझ्या तोंडून निघून गेलं." मी म्हणालो, "छे, रागावायचं काय त्यात?"

सकाळी चहाला दूध कमी पडलं. मी मामांच्या उजव्या बाजूला जाऊन सांगितलं, "वस्तीवरून तीन लिटर दूध घेऊन या." नववीतली एक मुलगी तिथेच दात घासत होती. कालव्याकडे लक्ष ठेवायचं काम मामांकडे होतं, ते सोडून ते कॅन घेऊन गेले. ते परत यायच्या आत तीच मुलगी शेतामागच्या कालव्याच्या पायऱ्यांवर घसरली आणि तिचं मनगट मोडलं. सोनगडला पट्टी बांधून आम्ही दुपारी सुरतेला आलो.

सोमवारी मला अहवाल द्यायचा होता. मी तो घरी बसून, शांतपणे, चांगल्या अक्षरात लिहिला. घटनेच्या वेळी शिपाई नेमून दिलेल्या जागी नव्हते, असं लिहिलं. एवढ्यावर थांबलो असतो तर मामांवर ताशेरा येऊन विषय मिटला असता. मी आणखी एक वाक्य लिहिलं: सदर कर्मचाऱ्यास ऐकू येत नाही, मुलांच्या सुरक्षिततेच्या दृष्टीने विचार व्हावा. हे वाक्य खरं होतं, म्हणून ते लिहिताना हात अडला नाही. पोरीचा हात माझ्या डोक्यात नव्हताच. टाळ्या होत्या.

ट्रस्टींनी दोघांनाही ऑफिसात बोलावलं. मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले होते. ते म्हणाले, "साहेब, मी आपल्या मनाने गेलो नव्हतो. मला सरांनी दुधाला पाठवलं. सरांना विचारा."

ट्रस्टी माझ्याकडे वळले. "तमे मोकल्या हता?" तुम्ही पाठवलं होतं का, असं त्यांनी गुजरातीत विचारलं.

मी मामांच्या डाव्या बाजूला उभा होतो. आत शिरतानाच मी ती बाजू धरली होती. ट्रस्टींकडे बघत, ओठ फारसे न हलवता, मी म्हणालो, "नाही साहेब. मी पाठवलं नव्हतं." मग मामांकडे वळून मान हलवली, काळजी करू नका अशा अर्थाने. मामा हसले आणि त्यांनी हात जोडले.

ट्रस्टींनी ते हसू पाहिलं. मग ऐकू येतं का ते बघायला त्यांनी मामांच्या पाठीमागे जाऊन दोनदा हाक मारली. मामा माझ्याकडेच बघत राहिले.

मामांना एक तारखेपासून येऊ नका म्हणून सांगितलं. बाहेर आल्यावर मामांनी माझा हात धरला. "सर, तुम्ही होतात म्हणून माझ्या बाजूने कोणी तरी बोललं." मी म्हणालो, "मी प्रयत्न केला, मामा."

प्लास्टर घातलेली मुलगी आठवड्याने शाळेत आली. मधल्या सुट्टीत माझ्यापाशी येऊन म्हणाली, "सर, मामांना दुधाला तुम्हीच पाठवलं होतं. मी ऐकलंय."

"तू कालव्यावर कोणाला विचारून गेली होतीस?" मी म्हणालो. "तुझ्यामुळे त्यांची नोकरी गेली."

ती उभ्या उभ्या रडायला लागली. पुन्हा तो विषय तिने काढला नाही. वर्षभर ती माझ्या तासाला खाली मान घालून बसायची. दहावीनंतर तिने विज्ञान घेतलं नाही, एवढं ऐकलं.

आकाशदर्शन दर फेब्रुवारीत चालूच राहिलं. ध्रुव मी आता बरोबर दाखवतो. म्हातारीचं खाटलंही सांगतो. मुलांना ते फार आवडतं. पालकसभेत त्याचं कौतुक झालं आणि पुढे मला पर्यवेक्षक केलं.

मामा मला गेल्या वर्षी भेस्तानच्या भाजीबाजारात भेटले. वाळले होते. एका लूमच्या कारखान्यात झाडलोट करतो म्हणाले. सोबत बायको होती, मेथीच्या जुड्या उलटसुलट करून बघत होती. मुलाने त्यांना कानाचं यंत्र घेऊन दिलं होतं. ते माझ्याशी पहिल्यांदाच हळू बोलले.

"सर, बरं झालं भेटलात. एक विचारायचं राहिलं होतं. त्या दिवशी ऑफिसात तुम्ही साहेबांना काय सांगितलंत? मला ऐकू आलं नव्हतं. ही घरी सारखी विचारते."

त्यांची बायको जुड्या सोडून माझ्याकडे बघू लागली.

मी म्हणालो, "मी सांगितलं की माणूस सच्चा आहे. मीच पाठवलं होतं दुधाला."

"बघ," मामा तिला म्हणाले. "मी काय सांगत होतो तुला?"

ती माझ्यावरची नजर न काढता म्हणाली, "मंग यास्ले काढं काबर?"

मग यांना काढलं कशाला, एवढंच ती विचारत होती. अहिराणी मला येत नाही असं दाखवावं, हे त्या क्षणी मला सुचलं आणि मी तेच केलं. कळलं नाही अशा चेहऱ्याने मामांकडे पाहिलं. मामा ओशाळले. "तिचं मनावर घेऊ नका, सर," म्हणाले. तिने एक जुडी उचलली, भाजीवाल्याला पैसे दिले आणि न थांबता चालू लागली. मामा मला नमस्कार करून तिच्या मागे गेले.